कूलरच्या स्टँडवर ठेवलेली गाडी

ज्यांच्या अंगणात गाडी आहे आणि तिच्याखाली शिरायला ज्यांचे हात शिवशिवतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्यांचं माणूस पायाला बँडेज बांधून दवाखान्यात पडलं आहे, त्यांनीही वाचावं. डॉक्टरी मला कळत नाही, ती सांगणार नाही. पडल्यापडल्या माणसाचं काय होतं, घराचं काय होतं, ते सांगते. आणि जाता जाता एका बाईची टिंगल करणार आहे. ती बाई म्हणजे अपघाताच्या आधीची मी. तिला कुणी काही बोललेलं खपत नसे, म्हणून आता एकदाच सगळं बोलून घेते.

ती हुशार बाई

माझं माहेर काटोलचं. वडिलांकडे संत्र्याच्या पेट्या वाहणारी जुनी जीप होती. ती दुरुस्त करायला ते बसले की मी शेजारी पाने हातात घेऊन बसायची. लग्न होऊन नागपुरात आले आणि एका रविवारी अमरावती रोडवर ह्यांची स्कूटर बंद पडली. मी पदर खोचला, प्लग काढला, पुसला, परत बसवला. स्कूटर सुरू. बघायला दोन-चार ट्रकवाले थांबले होते. त्यातला एक म्हणाला, "वा, बहनजी!"

ते "वा" जे डोक्यात गेलं, ते नात झाली तरी उतरलं नाही. पुढे घरात चारचाकी आली तेव्हा तिचं ऑइल मी बदललं, बल्ब मी बदलले, ब्रेकचे पॅड मी बदलले. हे नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. त्यांना गाडीतलं एवढंच कळायचं की आत बसायचं असतं. आणि माझं ठेवणीतलं वाक्य होतं, "काही होत नाही." पाटावर बसवलेल्या देवासारखं ते वाक्य मी प्रत्येक कामाआधी समोर ठेवायची.

अंगणात

नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर हा घरातला सगळ्यात मानाचा माणूस. आमचा मोठा लोखंडी कूलर वऱ्हांड्यात एका बुटक्या स्टँडवर बसायचा. अँगलचे चार पाय, आडव्या पट्ट्या, उंची गुडघ्याखाली. पावसाळा सरला की कूलर मागच्या खोलीत जायचा आणि स्टँड अंगणात रिकामा पडायचा. रिकामी वस्तू आमच्याकडे रिकामी राहत नाही. कधी त्यावर तुळशीची कुंडी, कधी पापडाचं ताट. त्या वर्षी मी त्यावर गाडी ठेवली.

दिवाळीत बहिणीकडे काटोलला जायचं होतं आणि पुढच्या चाकाचा ब्रेक करकरत होता. याआधी हे काम मी गाडी नुसत्या जॅकवर ठेवून केलं होतं. तेव्हा ह्यांनी कटकट केली होती, म्हणून या वेळी मी अगदी सुरक्षित काम करायचं ठरवलं. जॅकने गाडी उचलली, दाराखालच्या कडेखाली कूलरचा स्टँड सरकवला, जॅक उतरवला आणि काढून बाजूला ठेवला.

"अवं, ते कूलरचं होय ना," हे म्हणाले.

"मग? पाण्यानं भरलेला कूलर अख्खा उन्हाळा उभा राहते ना त्याच्यावर?"

"तो कूलर आहे. हे गाडी आहे."

"गाडीचा एक कोपरा आहे फक्त. काही होत नाही. तुम्ही पाना द्या."

त्यांनी पाना दिला.

गुडघ्यांमुळे मला उकिडवं बसवत नाही. काढलेलं चाक मी आडवं टाकलं आणि त्याचाच पाट करून बसले, डावा पाय गाडीखाली लांब सोडून. काढलेलं चाक खरं म्हणजे गाडीखाली सरकवून ठेवायचं असतं. काही घसरलंच तर गाडी चाकावर येते, माणसावर येत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, वडील तसंच करायचे. पण त्या हुशार बाईला बसायला काहीतरी हवं होतं.

एक बोल्ट निघेना. पान्याला पाइप लावून मी जोरात ओढला. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला आणि गाडी खाली आली.

दुखलं नाही. आधी नुसतं वजन आलं, जणू पायावर कुणी पोत्यांची थप्पी लावली. मग मांडीखाली काहीच नाही असं वाटू लागलं. हे जॅक घेऊन धावले, पण गाडी इतकी खाली बसली होती की जॅक शिरायला जागा नव्हती. ते जमिनीवर पालथे पडून जॅक ढकलत होते आणि जॅक फरशीवर खरखर वाजत होता.

स्वयंपाकघरातून सून धावत आली. मंजूषा सावनेरची. तिचे हात बेसनाने भरलेले. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे, आणि तशीच रस्त्यावर पळाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गोदामाचा टेम्पो लागलेला होता. ती त्यातल्या हमालांना घेऊन आली.

"माय, तू पाय ओढू नको," त्यातला एक म्हणाला. "आमी उचलतो. सांगू तवा बाकीचे तुले ओढतीन."

"जोर लगाके..."

पहिल्यांदा गाडी हलली आणि परत बसली. तेव्हा दुखलं. मी ओरडले ते मला ऐकू आलं नाही, पण समोरच्या घराच्या खिडक्या उघडलेल्या दिसल्या. दुसऱ्यांदा गाडी उचलली गेली आणि ह्यांनी मला बगलेतून धरून मागे ओढलं.

पाय सरळ दिसत होता. रक्तही फार नव्हतं. मी म्हणाले, "हळद लावा. काही होत नाही."

"आई," मंजूषा म्हणाली, "चूप बसा."

लग्नापासून ती मला पहिल्यांदाच असं बोलली. मी चूप बसले.

डॉक्टर काय म्हणाले

डॉक्टर वयाने माझ्या मुलाएवढे. फोटो पाहिला, पाय दाबून पाहिला, पोटरी दगडासारखी घट्ट झाली होती.

"आजी, हाड मोडलंय त्याचं मला टेन्शन नाही," ते म्हणाले. "पाय दबला होता, त्याचं आहे. आत सूज वाढतेय आणि रक्त खाली पोचत नाहीये. पोटरी लगेच उघडावी लागेल. पाय वाचवायचा प्रयत्न करू."

"प्रयत्न म्हणजे?"

"म्हणजे आज नक्की सांगता येणार नाही."

माझ्या तोंडावर ते वाक्य आलं होतं. काही होत नाही. पण डॉक्टर माझ्या डोळ्यात पाहत होते आणि ते बाहेर पडलं नाही.

पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरे देऊन ती उघडी ठेवली. नंतर लघवी झाली ती कडक चहाच्या रंगाची. मला वाटलं, घाणेरड्या पाण्याने झालं असेल. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पायाच्या वेळी झाला नव्हता तसा झाला. दबलेल्या मांसाचं विष रक्तात उतरत होतं आणि किडनी थकत होती. रक्त धुण्याच्या मशीनवर घ्यावं लागलं. पायाचं सोडा, आता माणसाचंच काय, असा प्रश्न होता. हे मला कुणी सांगितलं नाही. ह्यांनी दाढी करणं सोडलं त्यावरून मी ओळखलं.

तहान

मशीनवर असताना पाणी मोजून मिळतं. घोट म्हणजे घोट. इतकी तहान मला नागपूरच्या मे महिन्यातही कधी लागली नाही. त्यातच काटोलहून बहीण आली, संत्र्यांची करंडी घेऊन. आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमाराची संत्री. सालीवर अजून पान होतं.

"यातली एक फोड नाही," नर्सबाईंनी बजावलं. "किडनीला चालत नाही."

बहीण रडायला लागली. मी म्हटलं, "रडून काहून राहिली वं? सोल ना. तू खा, मी पाहतो."

तिने सोललं. मी साल मागून घेतली आणि नाकाशी धरून वाकवली. सालीतून बारीक फवारा उडतो ना, तो ओठांवर बसला. मी जीभ फिरवली. नर्सबाईंनी पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. त्या बाईंचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण देवापुढे दिवा लावताना मला त्या आठवतात.

अशा गोष्टींवर दिवस निघतो. नवीन आलेल्यांना एवढंच सांगेन: जे चालत नाही त्याची यादी घरच्यांना धरू द्या. तुम्ही वासापुरतं काही शोधा.

घरात काय चाललं होतं

मुलगा खाणीत शिफ्टला असायचा, सुट्टी मिळेल तसा यायचा. हे दवाखान्यात असायचे, पण माझ्याजवळ बसायचे नाहीत. चहा आणतो म्हणून जायचे, औषध आणतो म्हणून जायचे. मला राग यायचा. मी वाट पाहत होते की एकदा तरी म्हणतील, "मी सांगितलं होतं." त्यावर काय उत्तर द्यायचं तेही मी तयार ठेवलं होतं. ते म्हणालेच नाहीत.

एका दुपारी आले आणि खुर्चीत बसले. हाताला तांबूस भुकटी लागलेली.

"काय हो, कुंकू सांडलं का?"

"त्या स्टँडचा पाय ठोकून पाहिला," ते म्हणाले. "हातोडीनं. रंगाखाली काहीच नव्हतं वं. पापडासारखं उतरलं सगळं."

कूलरचं पाणी अख्खा उन्हाळा त्या पायांवर ठिबकायचं. दर वर्षी पाय तांबूस दिसायला लागले की मी त्यांना चंदेरी रंग मारायची. गंज खरवडायचा कंटाळा, म्हणून त्याच्यावरच. पाहुणे म्हणायचे, काकू, स्टँड नवाच दिसते.

"मी पाना द्यायला नको होता," हे म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मी त्यांच्या शर्टाची बाही धरून ठेवली. तयार ठेवलेलं उत्तर कुठे गेलं कोणास ठाऊक.

मंजूषाचं वेगळं होतं. ती सगळं करायची. पुसायची, भरवायची, वेणी घालायची. पण बोलायची नाही. एकदाच बोलली, "पिहू त्याच गाडीजवळ दोरीवरच्या उड्या मारते, आई." पिहू माझी नात. ती तेव्हा शाळेत होती म्हणून. मी भिंतीकडे पाहिलं.

मी परीक्षेत कॉपी केली

आता खरी गोष्ट.

किडनी हळूहळू शुद्धीवर येत होती. पायाचं मात्र ठरत नव्हतं. रोज सकाळी डॉक्टर यायचे आणि पेनाच्या टोपणाने माझ्या बोटांना स्पर्श करायचे.

"डोळे मिटा. कुठलं बोट?"

मला काहीही कळत नव्हतं. अंगठा नाही, करंगळी नाही. जणू ती बोटं शेजारच्या खाटेवरच्या बाईची. पण नाही म्हटलं तर कापतील, एवढं मला समजत होतं. आणि ती हुशार बाई अजून माझ्यात जिवंत होती. तिने हेरलं होतं की डॉक्टर नेहमी अंगठ्यापासून सुरू करतात आणि क्रमाने पुढे जातात. मी पापण्यांची बारीक फट ठेवायची, त्यांचा खांदा हलला की म्हणायची, "अंगठा." मग, "दुसरं." मध्येच मुद्दाम एखादं चुकवायची, संशय नको म्हणून.

"गुड, आजी," डॉक्टर म्हणायचे. "आणखी एक दिवस थांबू."

ते गेले की मला शाळेत नापास होता होता वाचल्यासारखं वाटायचं. बोटांचा रंग मात्र वांग्याच्या सालीकडे चालला होता, आणि मला ताप भरू लागला होता.

त्या दिवशी मंजूषा माझा पाय ओल्या फडक्याने पुसत होती. मी तिला वडाभात कसा करायचा ते सांगत होते, कारण कॅन्टीनची खिचडी खाऊन मला दुसरं काही सुचत नव्हतं. बोलता बोलता पाहिलं तर ती थांबली होती. तिचं नख माझ्या करंगळीत रुतलेलं होतं. चांगलं खोल. मी फोडणीपर्यंत आले होते.

तिने नख काढलं, फडकं पिळलं, पाय झाकला. 

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. टोपण काढलं. "डोळे मिटा, आजी."

"अंगठा," मी म्हटलं.

"डॉक्टर," मंजूषाचा आवाज आला, "आईंना काही समजत नाही. त्या अंदाजानं सांगून राहिल्या."

 मी डोळे उघडले. हे दारात उभे होते, हातात चहाची पिशवी. डॉक्टरांनी टोपण खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "खरं का?"

इतकं सोपं होतं. अजून एकदा खोटं बोलायचं. माझ्या तोंडात शब्द तयार होता. मी मंजूषाकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नाही.

"नाई कळत," मी म्हटलं. "कधीच नाई कळलं."

डॉक्टर रागावले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले, त्यानेच जास्त भीती वाटली. "पुढचा भाग गेलाय," ते म्हणाले. "तो आत राहिला तर ताप चढेल, किडनी पुन्हा बसेल. आजच काढावा लागेल. किती, ते उघडल्यावर कळेल. घोटा वाचला तर घोट्यापर्यंत. नाहीतर गुडघ्याखाली."

ते गेल्यावर मी मंजूषावर ओरडले. मला लाज वाटते, पण ओरडले. "काहून सांगितलं वं? तुले काय करायचं होतं माह्या पायाचं?"

"पायाचं काय लोणचं घालू?" ती पण ओरडली. "मले तुम्ही पाहिजे. पाय गेला तर जाऊ द्या, पण तुम्ही पाहिजे!"

शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. हे चहाची पिशवी धरून तसेच उभे. मग मंजूषा माझ्या उशाशी बसली आणि आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो. न्यायला आले तेव्हा तिने माझ्या बांगड्या काढून स्वतःच्या हातात घातल्या. "सांभाळते," म्हणाली. "परत घ्यायच्या आहेत तुमाले."

चादरीखाली

शुद्ध आली तेव्हा हे जवळ होते. मी विचारलं, "किती?"

ते बोलू लागले आणि रडायलाच लागले. पुरुष माणूस रडताना पाहून मी समजले की सगळा गेला. चादर होती अंगावर. ती उचलायची हिंमत होईना. मी छताकडे पाहून पायाचा अंदाज घेत होते आणि गंमत बघा, नसलेली बोटंही आता दुखत होती.

मंजूषाने चादरीत हात घातला. तिने काहीतरी धरलं आणि मला लांबून, दोन उशांपलीकडून, कुणीतरी धरलं असं वाटलं.

"ही टाच," ती म्हणाली. "आहे. पुढचं नाही. पण टाच आहे, घोटा आहे. उभं राहता येईल म्हणतात."

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "मग रडून काहून राहिले?"

"आनंदानं," ते म्हणाले आणि आणखी रडले. त्यांना साधं रडायचं कसं तेही कळत नाही.

जॅक स्टँड

चालायला शिकण्याबद्दल लिहीत नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं: वॉकर, शिव्या, घाम. पुढे खास जोडा मिळाला, पुढच्या भागात भरलेला. आता मी चालते, जरा बदकासारखी.

बाहेर पडू लागल्यावर पहिल्यांदा गेले ती स्पेअर पार्टच्या दुकानात, जॅकने उचललेली गाडी ज्यांच्यावर बसवतात ते लोखंडी स्टँड घ्यायला. मंजूषा सोबत. दुकानदार म्हणाला, "आजी, मुलाले पाठवायचं ना."

"मुलगा गाडीखाली जात नाई. आम्ही जातो."

त्याने पातळ पत्र्याची एक जोडी काढली. "हे पण चालते."

"चालणारं नको. उभं राहणारं दाखवा."

मग मी काय काय पाहिलं ते सांगते, कारण माझी बोटं त्यासाठी गेली आहेत. पाय खालून फाकलेले आणि रुंद हवेत. गाडीचं वजन बाजूला कलंडायला बघतं, अरुंद पाय तेव्हा दगा देतात. जोड बोटाने चाचपायचे: वेल्डिंग सलग हवं, ठिपक्याठिपक्यांचं नको. उंची कमी-जास्त करायचे दात जाड हवेत, किंवा आरपार जाणारी पिन हवी, आणि वरची वाटी इतकी खोल की गाडीची कड तिच्यात बसेल, घसरणार नाही. वजन किती पेलतं ते त्यावर छापलेलं असतं. गाडीच्या कागदपत्रात पाहून त्याहून चांगलं जास्त पेलणारं घ्यायचं. आणि जोडीनेच घ्यायचं. विटा नकोत, लाकडाचा ओंडका नको, आणि जे दुसऱ्या कामासाठी केलं आहे ते कितीही चमकत असलं तरी नको. रंगावर कधी विश्वास ठेवू नका.

मी एकेक स्टँड उलटा करून बघत होते. दुकानदार कंटाळला. मंजूषाने त्याला सांगितलं, "पाहू द्या जी. त्यांले वेळ लागते."

गेल्या रविवारी

ब्रेकचं ते काम आम्ही पुढे गॅरेजमध्ये करून घेतलं होतं. पण दुसऱ्या बाजूचा आता करकरू लागला होता आणि मंजूषाला शिकायचं होतं. पक्क्या सिमेंटवर गाडी लावली. मागच्या चाकांना लाकडी पाचर, हँडब्रेक. जॅकने उचललं, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी दोन्ही स्टँड लावले, गाडी त्यांच्यावर बसवली. चाक काढलं ते गाडीखाली सरकवलं. मग मी म्हटलं, "हलवा."

हे आणि मंजूषा, दोघांनी गाडीला खांदा लावून धक्के दिले. गाडी जागची हलली नाही. मी म्हटलं, परत. परत दिले. गाडी घट्ट.

मंजूषा खाली बसली, पाना घेतला. "आई, घालू हात?"

सगळं बरोबर होतं. मी स्वतः निवडलेले स्टँड, मी स्वतः चाचपलेले जोड. हे माझ्याकडे पाहत होते.  तिचं मनगट त्या लोखंडाजवळ होतं, माझ्याच बांगड्यांतली एक तिने त्या दिवसापासून ठेवून घेतली आहे, ती चकाकत होती.

"मले भीती वाटून राहिली," मी म्हटलं. "स्टँड चांगले आहेत. पण मले भीती वाटून राहिली."

हे बोलायला मला इतकी वर्षं लागली. मला वाटलं दोघं हसतील.

मंजूषाने पाना खाली ठेवला. "बरं," म्हणाली. "आज राहू द्या मग. चहा घेऊ."

तिने गाडीखालचं चाक ओढून काढलं आणि परत चढवलं. नट आवळायला मात्र मी कुणाला दिले नाहीत. वेताचा मोडा घेऊन बसले, पायासकट अख्खी गाडीबाहेर, आणि एकेक करून सगळे आवळले.